वर्गबंधूंची हालहवाल

माणूस शाळेंतून बाहेर पडला म्हणजे त्याचें पुढें काय झालें, याची चौकशी शाळा सहसा करीत नाहीं. दप्तरांत त्याच्या नांवापुढें दाखला दिल्याची तारीख पडते, वर्तणुकीच्या रकान्यांत ‘चांगली’ हा ठरीव शब्द पडतो, आणि तेथें उभयतांचा संबंध संपतो. पुढें शाळेला पन्नास वर्षें पुरीं होतात, स्मरणिका काढण्याची टूम निघते, आणि मग एकाएकीं सर्वांना आठवण होते कीं, आपले विद्यार्थी कोठें तरी असले पाहिजेत! नांदगांव खंडेश्वर येथील ज्या शाळेंत आम्ही शिकलों, तिच्या बाबतींत हेंच झालें. 1986 च्या वर्गाची हालहवाल गोळा करण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्ही अमरावतीस इंग्रजीचे प्राध्यापक, आणि इंग्रजीच्या प्राध्यापकास दुसरा उद्योग नसतो, अशी आमच्या गांवची प्रामाणिक समजूत आहे.

शाळा खासगी. हा शब्द मोठा फसवा आहे. इंग्लंडांत ज्यांना ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात त्या श्रीमंतांच्या खासगी शाळा. आणि आमची खासगी शाळा म्हणजे जिची इमारत गांवच्या वर्गणीची, जिच्या शिक्षकांचे पगार सरकारचे आणि जिच्यांतलीं मुलें साऱ्या तालुक्याचीं! वऱ्हाडांतल्या खेड्यापाड्यांत अशा शाळा पसरल्या याचें मोठें श्रेय डॉ. पंजाबराव देशमुखांना दिलें पाहिजे. ते याच तालुक्यांतील पापळचे. जन्म 1898 चा. ऑक्सफर्डला वेदवाङ्मयांतील धर्मावर प्रबंध लिहून हा गृहस्थ परत वऱ्हाडांत आला आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं वसतिगृहें व शाळा काढीत बसला. पुढें 1952 पासून दहा वर्षें ते देशाचे कृषिमंत्री होते. आमची शाळा त्यांच्या संस्थेची नव्हे. परंतु त्यांनीं मळलेल्या वाटेनेंच ती निघाली.

त्या शाळेचें सारें अर्थशास्त्र एका शब्दांत सांगतां येईल: चुकारा. 1972 पासून राज्यांत एकाधिकार कापूस खरेदीची योजना होती. कापूस सरकारला घालावयाचा आणि पैशाची, म्हणजे चुकाऱ्याची, वाट पाहावयाची. तो एकदम हातीं पडेलच असा नेम नसे. परीक्षेची फी कधीं देणार, या प्रश्नाला निम्म्या वर्गाचें उत्तर एकच असे: ‘सर, चुकारा आल्यावर.’ आणि सर तें उत्तर ऐकून घेत. कारण त्यांच्याही घरीं कापूस असे.

या कामाला लागतांच आम्हांस, धंद्याच्या संवयीनें म्हणा, चार्ल्स लॅम्बची आठवण झाली. 1820 सालीं त्यानें आपल्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेवर एक निबंध लिहिला आणि त्यांत आपल्या सोबत्यांचें पुढें काय झालें तेंही सांगितलें. कोलरिज कवि झाला. मिडल्टन कलकत्त्याचा पहिला बिशप झाला. लॅम्ब स्वतः मात्र तोतरेपणामुळें विद्यापीठांत जाऊं शकला नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत तो तेहतीस वर्षें हिशेब लिहीत राहिला. आमच्या समितीनें जो छापील तक्ता तयार केला आहे, त्यांतील हुद्द्याच्या रकान्यांत त्याला ‘कारकून’ एवढेंच लिहावें लागलें असतें.

तक्त्याचे रकाने चार: नांव, हुद्दा, पत्ता आणि विशेष कामगिरी. निम्म्याहून अधिक तक्ते भरून आले. पुणें, बंगलोर आणि न्यू जर्सी येथील उत्तरें सर्वांत आधीं व सर्वांत लांब आलीं. त्यांच्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. स्मरणिकेंत तीं सविस्तर वाचावयास मिळतील, कांहीं तर छायाचित्रांसह. बरेच जण मास्तर झाले, तेही बहुधा दुसऱ्या खासगी शाळांत. एकाचें वावर समृद्धि महामार्गांत गेलें. हा 701 किलोमीटरांचा रस्ता 2025 सालीं पुरा झाला, आणि आमचा तालुका ओलांडावयास आतां मोटारीला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाहीं. या गृहस्थानें पत्त्याच्या रकान्यांत लिहिलें आहे: ‘महामार्गाच्या खालीं.’ तो विनोद आहे किंवा तक्रार, हें अजून आमच्या लक्षांत आलेलें नाहीं.

मुलींना शोधणें मात्र अवघड गेलें. लग्नानें त्यांचें आडनांव गेलें, मधलें नांव गेलें, गांव गेलें. कित्येकींचें तर खुद्द नांवही सासरीं बदललें. हजेरीपटावरून त्यांना हुडकावयाचें म्हणजे त्यांच्या भावांच्या घरीं जाऊन बसावें लागे. भाऊ म्हणत, ‘तिचं काय लिहितां सर, ती घरींच असते.’ अशा ‘घरींच’ असणाऱ्या एकीचें उत्तर पुढें टपालानें आलें. ती गेलीं अठरा वर्षें अंगणवाडी सेविका आहे. विशेष कामगिरीच्या रकान्यांत तिनें आपल्या अंगणवाडींतील सर्व मुलांचीं वजनें किलोग्रॅम-ग्रॅमांसह लिहून पाठविलीं. शाळेच्या स्मरणिकेंत त्यांचें काय करावयाचें, असें समितीनें विचारलें. आम्हांस तर सगळ्या तक्त्यांत तेवढीच खरी प्रगति आढळली.

जे गांवींच राहिले त्यांचे तक्ते येईनात, म्हणून आम्ही स्वतः गेलों. खंडेश्वराच्या यादवकालीन देवळाच्या पायथ्याशीं एक जुना सोबती भेटला. काय करतोस म्हणून विचारलें, तर म्हणाला, ‘काई नाई गा, वावर पाह्यतो.’ हें ‘काई नाई’ त्या दिवसांत आम्हीं निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलें. पहांटे उठून फवारा पाठीवर घेणारा, बोंडअळी, तूर, सोयाबीन आणि बाजारभाव यांचा हिशेब तोंडीं ठेवणारा माणूस आपल्या उद्योगाला ‘काही नाही’ म्हणतो. कारण आमच्या शाळेनें त्याला तेंच शिकविलें आहे. शिकला नाहींस तर ढोरामागें जाशील, हें वाक्य आम्ही सर्वांनीं त्याच भिंतींत ऐकलें. जो शिकूनही वावरांत गेला, त्याच्यासाठीं शाळेपाशीं शब्दच नव्हता.

एक तक्ता त्याच्या धन्याऐवजीं त्याच्या मुलीनें भरून पाठविला. हा आमच्या बाकावरचा मुलगा; तोंडी हिशेबांत त्याचा हात धरणारा वर्गांत कोणी नव्हता. 2006 च्या हंगामांत त्यानें आपलें आयुष्य संपविलें. त्याच वर्षीं पंतप्रधान विदर्भांत येऊन गेले होते आणि सहा जिल्ह्यांसाठीं 3750 कोटींची योजना जाहीर झाली होती. अशा घरांना राज्य एक लाख रुपये साहाय्य देई. मात्र त्यासाठीं मृत्यु ‘पात्र’ ठरावा लागतो: कर्ज बँकेचें, सोसायटीचें किंवा परवानाधारक सावकाराचें पाहिजे. याचें कर्ज बियाण्यांच्या दुकानाची उधारी आणि सोयऱ्यांकडून घेतलेली उचल. प्रकरण ‘अपात्र’ झालें. 2008 ची केंद्राची कर्जमाफीही बँका-सोसायट्यांच्या कर्जाची होती. तिचा या घराला स्पर्श झाला नाहीं. उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण हे शब्द शाळेबाहेर असे भेटतील, ही कल्पना वर्गांत कोणाला असणार?

मुलीचें अक्षर सुरेख आहे. हुद्द्याच्या रकान्यांत तिनें ‘शेतकरी’ लिहिलें, पत्त्यापुढें ‘तोच’, आणि विशेष कामगिरीपुढें एक ओळ: ‘बाबांची सर्व उधारी आईनें 2014 सालीं पुरी फेडली.’

समितींत यावर बराच वेळ खल झाला. सुवर्णमहोत्सवाच्या अंकांत असा मजकूर नको, असें एका सभासदाचें म्हणणें पडलें. ते मनानें वाईट नाहींत. वर्गणीही त्यांनींच सर्वांत अधिक जमविली. दुसऱ्यांनीं कायद्याचा मुद्दा काढला कीं, कामगिरी आईची आहे आणि आई कांहीं शाळेची विद्यार्थिनी नव्हे. हरकत बिनतोड होती. आम्हीं ती इतिवृत्तांत नोंदवून घेतली आणि ओळ ठेवली. हुद्द्यांप्रमाणें क्रम लावण्याची सूचनाही मागें पडली. नांवें आतां 1986 च्या हजेरीपटाच्या क्रमानें लागलीं आहेत. मुलींचीं माहेरच्या नांवांनीं, कंसांत सासरचें. त्यामुळें हा शेतकरी न्यू जर्सीचे इंजिनियर आणि अंगणवाडी सेविका यांच्या मधें आला आहे. वर्गांतही तो जवळपास तेथेंच बसत असे.

छापखान्यांतून मुद्रितें आलीं तेव्हां तें पान आम्हीं त्या मुलीकडे पाठविलें. तिनें वडिलांच्या नांवांतली एक वेलांटी दुरुस्त करून तें परत केलें आहे.