अभ्यासाबाहेरचें शिक्षण

परीक्षा जवळ आली म्हणजे शाळेच्या वेळापत्रकांतील कांहीं तास हळूहळू नाहींसे होऊं लागतात. प्रथम चित्रकलेचा तास गणितास दिला जातो, मग गायनाचा तास विज्ञानाकडे जातो, आणि अखेरीस खेळाच्या तासासहि कोणी तरी वही घेऊन वर्गांत शिरतो. हें सर्व इतक्या सद्हेतूनें होतें कीं, त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य विद्येचा शत्रु ठरावा! पालक संतुष्ट असतात, शिक्षकांस चार धडे अधिक संपल्याचें समाधान मिळतें, आणि मुलांस विचारतो कोण? या तासांस पूर्वीं 'अवांतर' म्हणत. हल्लीं 'सहशालेय उपक्रम' असें भारदस्त नांव मिळालें आहे. नांव बदललें तरी पंक्तींतलें स्थान बदललें नाहीं. वाढतांना तें ताट शेवटचेंच.

या बाबतींत सरकारचें मत आपणां सर्वांहून उदार दिसतें. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत अभ्यासक्रम व अभ्यासेतर कार्यक्रम यांमध्यें कडक भिंत असूं नये, असें स्पष्ट म्हटलें आहे. भिंत कागदावर पडली खरी. वेळापत्रकांत मात्र तिची एक वीटहि हललेली नाहीं.

या विषयावर बोलावयास उभे राहणारे बहुतेक वक्ते थोरांचीं उदाहरणें देतात, आणि आपल्या पुणें शहरांत तीं हवीं तितकीं मिळतात. प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचें नेतृत्व करीत. त्यांच्या हाताखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला, आणि वयाचीं अठ्ठेचाळीस वर्षें उलटल्यावर त्यांनीं मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यामुळें त्यांच्या विद्यार्थ्यांस संस्कृताचीं रूपें कमी आलीं, असें कांहीं माझ्या ऐकिवांत नाहीं. त्याच संघांत सांगलीचे विजय हजारे होते. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजांतले हे गृहस्थ पुढें भारताचे कर्णधार झाले, आणि फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं. डॉक्टर श्रीराम लागू यांचें उदाहरणहि नेहमीं दिलें जातें. पुण्यास वैद्यकीचें शिक्षण घेत असतां ते नाटकांत कामें करीत; कान, नाक व घसा यांचे शस्त्रवैद्य म्हणून पुष्कळ वर्षें व्यवसाय केल्यावर १९६९ मध्यें त्यांनीं स्वतःस पूर्णपणें रंगभूमीस वाहून घेतलें.

हीं उदाहरणें खरीं आहेत, व मुलांनीं तीं अवश्य वाचावीं. पण माझ्या मतें त्यांनीं मूळ प्रश्न सुटत नाहीं. दोन वर्षांमागें एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले होते. ते रिक्षा चालवितात, आणि मुलाच्या शिकवणीची फी भरतां यावी म्हणून रात्रीं उशिरापर्यंत गाडी रस्त्यावर ठेवतात. ते म्हणाले, "सर, देवधर एकच झाले. माझा मुलगा देवधर होणार नाहीं, हें मला ठाऊक आहे आणि तुम्हांलाहि ठाऊक आहे. मग त्याचा रोजचा एक तास मैदानावर कां घालवायचा?" प्रश्न अगदीं रास्त होता. अशा मनुष्यास थोरांचीं चरित्रें ऐकविणें म्हणजे अर्धपोटीं असलेल्यापुढें पक्वान्नांचीं नांवें घेणें होय. हजारांत एखादा नांव काढतो. उरलेल्या नऊशें नव्याण्णवांकरितां हे तास कशास हवेत, याचें उत्तर आम्हां शिक्षकांस देतां आलें पाहिजे.

मला सुचतें तें उत्तर असें आहे. शाळेंत मूल जें जें करतें, त्यांतील बहुतेक तें एकट्यासाठीं करतें. त्यानें धडा पाठ केला नाहीं तर नुकसान त्याचें. त्यानें उत्तम उत्तर लिहिलें तर गुण त्याचे. शेजारच्या बाकावरील मुलाच्या गुणपत्रकांत त्यामुळें अर्ध्या गुणाचाहि फरक पडत नाहीं. परीक्षेच्या दालनांत शेजाऱ्यास मदत करणें हा तर अपराध आहे, आणि तो अपराध असलाच पाहिजे. परंतु सतत दहा वर्षें केवळ याच रीतीनें वाढलेल्या मुलाच्या मनांत काय ठसत असेल? आपल्यावांचून कोणाचें अडत नाहीं, आणि आपलें कोणावांचून अडत नाहीं, हेंच ना? मैदान, रंगमंच, गायनाचा वर्ग, सहल, हस्तलिखित, बालवीरांचें पथक, या ठिकाणीं मात्र हा हिशेब उलटा होतो. तेथें एक मूल आलें नाहीं कीं इतरांचें काम अडून राहतें.

त्या गृहस्थांचा मुलगा खो-खोच्या संघांत होता. या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्याच पुण्यांत प्रथम बांधले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हां पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारतच विजयी झाला. पण त्यांना मीं यांतील कांहीं सांगितलें नाहीं. एक सामना पाहावयास या, एवढीच विनंती केली. खो-खोंत आठ गडी ओळींत बसलेले असतात आणि एकटा नववा धांवत असतो. बसलेल्यास खो मिळेपर्यंत उठतां येत नाहीं, व खो मिळाल्यावर क्षणभरहि बसतां येत नाहीं. खो देणाऱ्यास त्याच्या रिकाम्या जागीं बसावें लागतें. उत्तम धांवणाराहि शेजाऱ्यास वेळेवर खो न देईल तर तो संघास निरुपयोगी होय. ते आले, कुंपणाबाहेर रिक्षा उभी करून तिच्याजवळूनच अर्धा तास पाहत राहिले, आणि कांहीं न बोलतां गेले. मुलाचें नांव संघांत राहिलें. शिकवणीची वेळ तेवढी त्यांनीं अर्ध्या तासानें पुढें नेली.

गायनाची गोष्ट याहूनहि नाजूक आहे. नाताळचें आपलें समूहगीत चार आवाजांत बसविलेलें असतें. मुख्य चाल गाणाऱ्या मुली पुष्कळ मिळतात. खालचा आल्टोचा आवाज धरून ठेवणें कठीण. गेल्या वर्षीं त्या आवाजांत सहा मुली होत्या. नोव्हेंबरांत सराव रंगात आला असतां त्यांतील दोघींस चांचणी परीक्षेसाठीं घरच्यांनीं काढून घेतलें. त्या दोघींच्या गुणांत किती भर पडली, तें मला सांगतां येणार नाहीं. मागें राहिलेल्या चौघींचें काय झालें, तें मात्र मीं पाहिलें. आधार सुटल्यामुळें त्या प्रत्येक कडव्यांत वरच्या चालीकडे घसरूं लागल्या, व चार आवाजांचें गीत तीन आवाजांचें झालें. तेव्हां त्या चौघींतील एक मुलगी, जी एरवीं वर्गांत प्रश्न विचारला तरी मान खालीं घालून उभी राहते, ती आपण होऊन शिक्षकांच्या खोलींत आली व म्हणाली, "सर, आठवीच्या दोघींना मी शिकवूं कां?" पुढें अकरा दिवस तिनें मधल्या सुटींत डबा लौकर संपवून त्या दोघींस आवाज शिकविला. तिच्या गुणपत्रकांत या अकरा दिवसांसाठीं रकाना नाहीं. असावा असेंहि मला वाटत नाहीं; रकाना निघाला कीं तो भरण्याकरितांच मुलें येऊं लागतील.

एकाचें काम दुसऱ्यास लागणें, यानें मनुष्य कसा उभा राहतो, याचें मला ठाऊक असलेलें सर्वांत मोठें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतलें, सोलापूरच्या लोहमार्गावरील केडगांवचें आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्यें अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांनीं तेथें जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रबेल यांची बालोद्यान पद्धति अभ्यासिली. खेळ आणि हातचें काम हेंच लहान मुलाचें पहिलें शिक्षण होय, असें ही पद्धति मानते. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं बाईंनीं मुंबईस शारदासदन उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आणलें. नंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्यप्रांतांतून बाईंनीं शेंकडों अनाथ मुली आणल्या व केडगांवीं मुक्तिसदन वसविलें. १९०० च्या सुमारास गुजराथच्या दुष्काळांतील मुलींची भर पडून ही संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

या मुली कोण होत्या? ज्यांचें जगांत कोणालाहि काम उरलें नव्हतें, अशा. त्यांना निवारा व अन्न देऊन, शिवाय अक्षरें शिकवून बाई थांबल्या असत्या तरी जगानें त्यांस धन्यवादच दिले असते. पण तेथें अक्षरांबरोबर शेती आली, विणकाम आलें, दूधदुभतें, तेलाचा घाणा, स्वयंपाक, रोग्यांची शुश्रूषा, आणि छापखानाहि आला. दोन हजार माणसांच्या वस्तींत ज्या मुलीनें पाणी भरावयाचें ती आली नाहीं तर चूल पेटून उपयोग नाहीं. काल जिच्यावांचून कोणाचें अडत नव्हतें, तिच्यावांचून आज स्वयंपाक अडूं लागला!

छापखान्याची गोष्ट मुलांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बाईंनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें, आणि १९२४ मध्यें तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे जुळविणारे हात मुक्तिसदनांतील मुलींचे व स्त्रियांचे होते. हल्लींच्या मुलांनीं खिळे पाहिलेले नसतात, म्हणून सांगतों: शिशाच्या एकेका तुकड्यावर एकेक अक्षर, तेंहि उलटें, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरें यांचे खिळे निरनिराळे, ते सर्व योग्य घरांतून उचलून ओळीनें बसवावयाचे. एक वेलांटी चुकली तर ती त्या मुलीच्या वहींत राहत नसे. ती प्रत्येक प्रतींत उमटे. मुद्रित तपासणारी दुसरी, कागद लावणारी तिसरी, बांधणी करणारी चौथी. यांतील बहुतेकींचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत.

आतां थोडें अप्रिय लिहितों. अभ्यासाबाहेरचें म्हणून जें जें चालतें, तें सर्व या कसोटीस उतरत नाहीं. वार्षिक स्नेहसंमेलनांत भाड्याचे पोशाख, भाड्याचे नृत्यशिक्षक, यंत्रांतून वाजणारें गाणें, पुढच्या रांगेंत दरवर्षीं तींच पांच मुलें, आणि त्यांचे मोबाइल उंच धरून उभे असलेले पालक, असा प्रकार कित्येक ठिकाणीं दिसतो. तें प्रदर्शन होय. चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस बसणाऱ्यांची गर्दी पाहून मला आनंद होतो. पण शालान्त परीक्षेंत मिळणाऱ्या वाढीव गुणांचा हिशेब पुरा होतांच रंगाची पेटी कायमची बंद होते, हें पाहून तो आनंद निम्मा होतो. तसेंच जीं मुलें संध्याकाळीं एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत, नृत्यांतून पेटीवादनांत व तेथून पोहण्यास नेलीं जातात, त्यांच्या पालकांची हौस मी समजूं शकतों. परंतु ही दुसऱ्या तऱ्हेची शिकवणीच झाली. तेथेंहि मूल एकटेंच. मुलानें चार उद्योग करावेत असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. एकच करावा, पण त्यांत दुसऱ्या कोणाचें तरी त्याच्यावांचून अडत असावें.

विद्यार्थ्यांनो, संघांत तुमची निवड झाली नाहीं तरी गुणफलक लिहिणारा, पडदा ओढणारा, भजनांत टाळ धरणारा, हे सर्व त्याच कामांतले आहेत. टाळ चुकला कीं गाणाऱ्याचा गळा कितीहि गोड असला तरी भजन कोसळतें, हें तुम्हीं उपासनेंत पाहिलेंच आहे.

पालकहो, यंदाच्या समूहगीताचा सराव दर शनिवारीं शाळा सुटल्यावर सभागृहांत सुरू आहे, व खो-खोचा सराव बुधवारीं मैदानावर असतो. मुलाचें किंवा मुलीचें नांव काढून घेण्याचा अर्ज लिहिण्यापूर्वीं एक दिवस तेथें येऊन बसावें. मागच्या बाजूस खुर्च्या ठेविलेल्या आहेत. अर्ज त्यानंतर दिला तरी स्वीकारला जाईल.