उजनीकाठच्या दोन टिटव्या

उथळ पाण्याच्या कडेने किंवा मोकळ्या जमिनीवर चालत किडे टिपणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्यांना किनारपक्षी म्हणतात. उजनी जलाशयाकाठच्या केत्तूर, कुगाव यांसारख्या करमाळा तालुक्यातील गावांच्या परिसरात या गटातील ताम्रमुखी आणि पीतमुखी या दोघींनाही टिटवीच म्हटले जात असले, तरी त्या व्हॅनेलस या एका प्रजातीतील दोन स्वतंत्र जाती आहेत.

ताम्रमुखी सुमारे ३५ सेंटिमीटर लांब असून तिचे डोके, गळा व छाती काळी, चोच लाल व टोकाशी काळी, आणि डोळ्यापुढील कातडीची गाठ तांबडी असते. पीतमुखी सुमारे २७ सेंटिमीटरची, मातकट रंगाची असून तिच्या काळ्या टोपीला पांढरी किनार आणि चोचीच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी पिवळी कातडी असते. चाहूल लागताच पहिली ‘टिटिव-टिव’ असा गलका करून सारे शिवार जागे करते, तर दुसरी बहुधा गुपचूप चालत दूर सरकते.

दोघीही काड्यांचे घरटे बांधत नाहीत. उघड्या जमिनीवरील उथळ खळग्यात साधारण चार अंडी घालतात आणि काळपट ठिपक्यांची ती अंडी दोन पावलांवरूनही ढेकळांत हरवतात. मे महिन्याच्या दुपारी काठापासून अंतर राखून निश्चल बसलेल्या निरीक्षकाला ताम्रमुखी अंड्यांवरून उठून पाण्यात पोट भिजवताना आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवण्यासाठी परतताना दिसते.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीने ताम्रमुखीला नवा काठ दिला. परंतु त्याच पाण्यावर माळ उसाखाली येत गेल्याने कोरड्या, उघड्या रानातच राहणाऱ्या पीतमुखीची जागा आक्रसली. ताम्रमुखीचा लाभही निर्धोक नाही, कारण पुण्याकडच्या धरणांतून विसर्ग सुटला की करमाळ्यात थेंबही पडला नसताना जलाशय चढतो आणि काठालगत उशिरा घातलेली अंडी बुडतात.

पाण्याचा चढउतार शेतकऱ्याच्या हाती नाही, नांगर मात्र आहे. एकाच जागी टिटवी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर अंडी फुटेपर्यंतचे सुमारे चार आठवडे त्याने तेवढा तुकडा नांगरू नये आणि माळाला पडीक समजू नये, कारण पीतमुखीचे घर तोच आहे.