होडीचा रंग उडालेलाच हवा का?

हल्ली 'कोस्टल डेकोर' नावाचा प्रकार फारच बोकाळलाय. नवीकोरी पाइनची फळी घ्यायची, तिला साखळीने बडवायचं, वर पांढुरका रंग फासून अर्धा घासून काढायचा आणि त्यावर एक नांगर नाहीतर दीपस्तंभ चिकटवायचा. झाला समुद्र! कालच्या फ्रेशरने सीव्हीत आठ वर्षांचा अनुभव लिहावा, तसंच हे.

मी गेली काही वर्षं शनिवार-रविवारी खऱ्या होडीच्या लाकडाचे मासे करतो. पापलेट, बांगडे आणि मूड असला तर एखादी लांबलचक सुरमई. लाकूड हर्णैचं; आमचं गाव तिथून अर्ध्या तासावर. फायबरच्या होड्या आल्यापासून जुनी लाकडी होडी दुरुस्त करत बसणं अनेकांना परवडत नाही. मग ती मोडली जाते आणि फळ्या जळणात जातात. साग, ऐन... जळताना बघवत नाही हो.

पण मंडळी, हे लाकूड म्हणजे अस्सल लेगसी कोड. डॉक्युमेंटेशन शून्य, हात लावण्याआधी नीट वाचावं लागतं. आधी लोहचुंबक फिरवून गंजलेले खिळे शोधायचे. तांब्याचे चुंबकाला सापडत नाहीत, ते डोळ्यांनीच हुडकायचे. एखादा राहिला की करवतीचं पातं गेलंच. लोखंडी खिळ्यांभोवती काळे-निळे डाग असतात. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची ती करामत. ते मी घालवत नाही, पापलेटाचा डोळा नेमका तिथेच काढतो. बोट जाईल एवढी, आतून चुन्याचा पांढरा लेप असलेली भोकंही सापडतात. हे भोक पाडणाऱ्याला इंग्रजीत 'शिपवर्म' म्हणतात खरं, पण तो किडा नव्हेच, शिंपल्याचा भाऊबंद!

मग मीठ. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात भिंतीवरचा मासा चक्क घाम गाळायला लागतो. म्हणून फळ्या गोड्या पाण्यात भिजत टाकायच्या, पाणी बदलत राहायचं आणि नंतर काही महिने सावलीत वाळवायच्या. वन बीएचकेमध्ये पाण्याचा ड्रम कुठे ठेवायचा यावर बायकोचं स्वतंत्र मत आहे. असो.

खरी मजा रंगांच्या थरांत. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, त्या दिवसांत डागडुजी आणि रंगकाम उरकतं. निळ्याखाली हिरवा, त्याखाली लाल, मग परत निळा. घासत गेलं की थर उलगडतात. गिटचा लॉगच, फक्त कमिट मेसेज नसलेला. मात्र हौशी लोकांनी इथे जपावं. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत काय असेल याचा भरवसा नाही. कोरडं घासून धूळ उडवायची नाही, पाणी लावूनच घासायचं, तोंडाला चांगला मास्क आणि पोरंटोरं लांब. आणि या लाकडाचा ट्रे करून त्यात भजी वाढू नका, प्लीज.

तर, हे थर म्हणजे मला सौंदर्य वाटायचं. अजूनही वाटतं. पण गेल्या वर्षी एका नाखवांनी होडी मोडली. बाकीच्या फळ्या मला दिल्या, नावाची फळी मात्र विकायला साफ नकार. होडीला त्यांच्या आईचं नाव होतं. "कुजलेली टोकं काढ आणि पडवीत लावता येईल अशी करून दे," एवढंच काम. मी पुण्याला आणून भिजवली, वाळवली, पाठीमागे पट्ट्या मारल्या. पुसट पिवळी अक्षरं, मागे चार-पाच रंग डोकावतायत... केवळ अप्रतिम! एका इंटिरियरवाल्याने फोटो पाहून पंधरा हजार देऊ केले. नाखवांच्या मुलाचं म्हणणं, देऊन टाका, नव्या होडीचे हप्ते चालू आहेत. त्याचं चूक होतं असं मी घरबसल्या पगार घेणाऱ्याने तरी म्हणू नये. मी ऑफर नाखवांना जशीच्या तशी सांगितली. ते "नको" म्हणाले. मुलगा काही बोलला नाही.

डिसेंबरात फळी घेऊन हर्णैला गेलो. नाखवांनी ती उलटसुलट पाहिली.

"काम बरं झालंय. पण रंग कुठाय?"

"नाखवा, असं पुसटच भारी दिसतंय."

"तुला दिसत असेल. माझी होडी कधी पुसट नव्हती. दर साली रंगवायचो मी तिला."

यावर काय बोलणार? मोडकळीला आलेली गोष्ट सुंदर दिसायला ती दुसऱ्याची असावी लागते, हे माझ्या पुणेरी डोक्यात तोवर आलं नव्हतं.

त्यांनी ऑइलपेंटचे दोन डबे काढले. आधी झगझगीत निळा मारला. जेवणं झाल्यावर, जुन्या अक्षरांच्या उंचवट्यावर बोट फिरवत, चष्मा न लावता पिवळं नाव काढलं. माझे चार-पाच रंग गेले खाली.

"अजून एक हात लागेल," ते म्हणाले. तो वाळेपर्यंत मी पडवीत, समोरच्या सुवर्णदुर्गाकडे बघत बसून राहिलो.