दहावीचं साल सांगा

भाऊबीज आटोपली, की वाशिम जिल्ह्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचे फोन सुरू होतात. पुण्या-मुंबईला गेलेले गावी आलेले असतात, मुली माहेरी असतात, सोयाबीन निघालेलं असतं. फोन करणारा आधी भाडं विचारतो. आम्ही आधी दहावीचं साल विचारतो. आमच्या घरातल्या सगळ्या भावंडांना, चुलत-सख्खे धरून, ही सवय आहे, आणि तिचं मूळ बाबांच्या साउंड सर्व्हिसमध्ये आहे.

बाबांकडे अहुजाचं एक मशीन, दोन पोंगे, एक माइक आणि रेकॉर्डी वाजवायचा प्लेअर होता. लग्न, बारसं, सप्ताह, गणपती, जिथून बोलावणं येईल तिथे ते जात. पोंगे सायकलला, मशीन एसटीत मांडीवर. आम्ही पोरं वायरी गुंडाळतच मोठे झालो. वायर पीळ न पडता कशी गुंडाळायची, पोंगा लिंबाच्या कोणत्या फांदीला बांधायचा, रात्री पोंगा झाडावर राहिला तरी युनिट तेवढं काढून घरी का आणायचं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी आलं.

मग कॅसेटी आल्या. त्या अकोल्याहून, मीटरगेजच्या गाडीने. ताईचं अक्षर सुरेख, म्हणून पुठ्ठ्यावर गाण्यांची नावं तीच लिहायची. ‘मैंने प्यार किया’ 1989 च्या अगदी शेवटी आला, पुढल्याच वर्षी ‘आशिकी’, 1991 मध्ये ‘साजन’. सिनेमा आमच्याकडे उशिरा पोहोचायचा, गाणी कधीच पोहोचलेली असायची. त्यामुळे त्या काळात नववी-दहावीत असलेल्यांच्या डोक्यात त्या गाण्यांचा पडदा नाही. त्यांना आठवतो तो दोन गल्ल्या पलीकडच्या मांडवातला पोंगा आणि समोर उघडं पडलेलं भूमितीचं पुस्तक. त्यांच्यापुढे त्याच गाण्याचं रिमिक्स लावलं तर ती माणसं नुसती बसून राहतात. मूळ गाणं लावलं, की कडव्यांमधलं संगीतसुद्धा तोंडाने म्हणतात. मला वाटतं, मेळाव्याच्या डीजेला एवढं एक कळलं तरी निम्मं काम झालं.

वरातीचं काम वेगळं. तिथे टेम्पोवर बेसची भिंत लागते आणि धाकट्या चुलत भावाने ती हौसेने उभी केलेली आहे. मेळाव्याला मात्र आम्ही बेस गोदामातच ठेवतो. दोन टॉप, मिक्सर, लॅपटॉप आणि चांगले कॉर्डलेस माइक पुरतात. खरं काम माइकचंच असतं. सकाळी शाळेची घंटा होते, प्रार्थना, राष्ट्रगीत, गेलेल्या वर्गमित्रांना श्रद्धांजली. मग शाल-श्रीफळ देऊन गुरुजनांचे सत्कार आणि मग एखादे गुरुजी जुन्या क्रमांकांनी हजेरी घेतात. ऐंशीच्या पुढचे गुरुजी माइक छातीशी धरतात. त्यांच्याकडे जाऊन ‘माइक जवळ धरा’ म्हणायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आपणच बेस कापायचा, मधला आवाज उचलायचा, शिट्टी यायच्या आत हात मागे घ्यायचा. ज्या आवाजाला वर्ग घाबरायचा, तो शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ गेला पाहिजे. त्यांनी नाव पुकारल्यावर पन्नाशीचा माणूस उभा राहून ‘हजर, सर’ म्हणतो, तेव्हा मिक्सरवरचा आमचा हात थरथरतो.

जेवणात रोडगे, वांग्याची भाजी, वरण. गाणी त्यानंतर.

1 जुलै 1998 ला वाशिम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. त्याआधी शाळा सोडलेले आपला जिल्हा अकोला सांगत. 1999 ची दहावीची बॅच ही नव्या जिल्ह्याची पहिली. ती मंडळी हे अभिमानाने सांगतात आणि ‘कुछ कुछ होता है’ मागतात, कारण तो आदल्या दिवाळीतलाच. मानोऱ्याकडे दुपार उतरली, की फर्माईश बदलते. तांड्यावरची मुलं आता साहेब, ठेकेदार, शिक्षक झालेली असतात. कोणीतरी ढोल काढतो आणि होळीच्या लेंगीला सुरुवात होते. तेव्हा आम्ही लॅपटॉप बंद करून माइक फक्त मध्ये नेऊन ठेवतो. त्या गाण्याला आमच्या मशीनची गरज नसते.

ताईच्या बॅचचा मेळावा आम्हीच वाजवला. तिच्या वेळी गॅदरिंगमध्ये मुलींनी स्वागतगीत म्हणायचं, फार तर लेझीम खेळायची. सिनेमाच्या गाण्यावर पाय हलला तर घरी बोलणी बसायची. दुपारभर मुलं, म्हणजे आता टक्कल पडलेले बाप्ये, नाचत होते आणि बायका खुर्च्यांवर पर्सेस सांभाळत बसल्या होत्या. मग त्यांच्यातली एक आमच्याकडे आली. म्हणाली, “भाऊ, आवाज थोडा कमी करता का? आमाले म्हनाचं हाय.” आम्ही आवाज कमी केला. आधी त्या नुसत्या गायल्या. दुसऱ्या गाण्याला दोघी उठल्या, तिसऱ्याला सगळ्या. बाप्ये आपसूक कडेला झाले. ताईने चप्पल काढून टाकली होती. ज्या गाण्यांची नावं तिने सुबक अक्षरात लिहिली आणि ज्यांच्यावर ती कधीच नाचली नव्हती, ती सगळी तिने त्या दिवशी एकामागून एक मागून घेतली. टेम्पोवाला घाई करत होता. आम्ही त्याला चहा पाजून बसवून ठेवला.

यादी करताना अडलं, की आम्ही मायला विचारतो. तिने सिनेमे फारसे पाहिले नाहीत. तिच्याकडे सालाचा हिशेब घरातल्या जन्मांवरून. “हे? हे तं बारक्याच्या बारशातलं.” “हे तू पोटात होता तवाचं.” ती सहसा चुकत नाही. नंतर फोनवर पाहिलं, तर साल तेच निघतं.

आता लॅपटॉपवर भाचा बसतो, ताईचा मुलगा. त्याच्याकडे मंगरुळपीरची 2006 ची बॅच आली आहे. त्या पोरांनी दहावीचा अभ्यास लोडशेडिंगमध्ये केला, गाणी ऐकली ती सीडीवर आणि नव्या मोबाइलच्या रिंगटोनमध्ये. पोंगा त्यांच्या आठवणीत फारसा नाही. भाचा यादी घेऊन आजीपुढे बसला होता. माय म्हणाली, “त्या साली घरात कोनी जलमलंच नाही रे, मले काय ठाव? त्याच पोरायले इचार.” त्याने लगेच फोन लावला. पलीकडचे लोक एकमेकांचं बोलणं तोडत गाणी सांगत सुटले, आणि तो पाठकोऱ्या कागदावर भराभर लिहून घेऊ लागला. त्याचं अक्षर ताईवर गेलंय.