पुष्पबागेचं आवार

बडोद्यात भरतनाट्यम आलं ते नवरीबरोबर. 1880 साली सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्या माहेराहून या गावात नर्तकी आल्या, नृत्य शिकवणारे नट्टुवनार आले, मृदंग आला. गौरा आणि कांतिमती ही त्यांतल्या दोघींची नावं. 1885 साली, ऐन तारुण्यात चिमणाबाई गेल्या. तंजावरची माणसं मात्र परत गेली नाहीत. दरबाराच्या कलावंत खात्यात त्यांची नोंद झाली, पगार लागले, मुलंबाळं इथेच वाढली, आणि त्यांचं आडनावच तंजावरकर होऊन गेलं.

मी बडोद्यातल्या मराठी घरातली. दांडिया बाजारच्या बाजूला आमचे वाडे. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. त्यामुळे ही गोष्ट मला आपल्या घरातली वाटते. हे नृत्य ज्या दरबारात वाढलं तो दरबारही मराठीच होता. तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा तो क्रम बांधायला घेतला, जो आजही रंगमंचावर दिसतो. सरफोजींच्या नावावर तर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत. तमिळ मुलूख, तेलुगू पदं, मराठी राजे, आणि पुढे गुजरातेतलं संस्थान. या नृत्यावर कुणा एकाचा शिक्का मारायचा म्हटलं तर कुणाचा मारणार?

सूरसागर तलावासमोर संगीत महाविद्यालयाची इमारत आहे. 1886 साली सयाजीरावांच्या आश्रयानं गवई मौलाबक्षांनी ही शाळा सुरू केली. मौलाबक्ष उत्तरेकडचे, पण त्यांनी दक्षिणेकडे जाऊन कर्नाटक संगीत शिकून घेतलं, आणि गाणं कागदावर लिहिता यावं म्हणून स्वतःची स्वरलेखनाची पद्धत तयार केली. त्यांचा नातू इनायत खाँ याच गावात जन्मला आणि 1910 साली वीणा घेऊन पश्चिमेकडे गेला. भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही इथेच, 1916 साली. पुढे ही शाळा विद्यापीठात सामील झाली, नृत्य आणि नाट्य पदवीचे विषय झाले, आणि तंजावरच्या त्या मंडळींच्या परंपरेतले कुबेरनाथ तंजावरकर तिथे शिकवू लागले. राणीच्या माहेरची कला अशी कोष्ट्याच्या, कारकुनाच्या, वैद्याच्या मुलीला शिकायला मिळाली. माझ्या लेखी बडोद्याचं खरं मोठेपण हे आहे. राजवाड्याहून मला ते मोठं वाटतं.

माझी मावशी संध्याकाळच्या वर्गाला जायची. मी लहान, तिच्याबरोबर जाऊन भिंतीला टेकून बसायची. गुरुजी खाली मांडी घालून बसलेले; पुढे लाकडी पाट, हातात आखूड जाड काठी. काठी पाटावर पडली की पाय जमिनीवर पडायचे. तै या तै, तै या तै. पाटाच्या मधोमध काठी पडून पडून खळगा झालेला होता आणि तिथलं लाकूड उजळ, गुळगुळीत दिसायचं. गुडघे बाहेर काढून अर्धं बसायचं, त्याला अरमंडी म्हणतात. मुली दमल्या की नकळत वर यायच्या, आणि गुरुजी काठी न थांबवता म्हणायचे, “हजी नीचे, बेन, हजी नीचे.” बोल तमिळ वळणाचे, समजूत गुजरातीत, आणि मावशी माझ्याकडे बघून मराठीत ओठांतल्या ओठांत “आई गं” म्हणायची. यात काही वेगळं चाललंय असं तिथे कुणालाच वाटत नव्हतं.

आता पुष्पबाग, म्हणजे विद्यापीठाच्या ललित कला विभागाचं आवार. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी ललित कला विभाग सुरू झाला. त्या वेळी हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या. शिकवायला कोण कोण आले बघा. चित्रकलेला इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे. शिल्पाला बंगालचे शंखो चौधुरी. आणि केरळचे के. जी. सुब्रमण्यन, जे 1942 च्या चळवळीत तुरुंगात जाऊन आले होते आणि पुढे शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकले होते. खुद्द नंदलालबाबूंनी गायकवाडांच्या कीर्तिमंदिराच्या भिंती त्याआधीच रंगवलेल्या. म्हणजे विभाग उघडण्यापूर्वीच गावाच्या भिंतीवर बंगाल उमटला होता. मग मुलं आली. भावनगरहून ज्योती भट्ट, सुरेंद्रनगरहून गुलाम मोहम्मद शेख. मुंबईत हिशेबनीसाचं काम शिकलेले भूपेन खख्खर 1962 मध्ये आले आणि बडोद्याचेच झाले. ही यादी कितीही लांबवता येईल. मला सांगायचं आहे ते त्यांच्या मेळ्याबद्दल.

सुब्रमण्यन मधली काही वर्षं मुंबईला अखिल भारतीय हातमाग मंडळात होते. विणकर, रंगारी, कुंभार यांची कामं त्यांनी जवळून पाहिली. परत आल्यावर त्यांच्या पुढाकारानं साठच्या दशकात ललित कला विभागाचा मेळा भरू लागला. शिक्षक आणि विद्यार्थी मिळून खेळणी करायचे, बाहुल्यांचे खेळ करायचे, मुखवटे, कपडे, मातीची भांडी करायचे, आणि गावाला परवडतील अशा किमतीत विकायचे. सुब्रमण्यनांची खेळणी मी हातात घेऊन पाहिली आहेत. लाकडाचे साधे ठोकळे, मणी, चामड्याचा तुकडा, दोरा. एवढ्यातून मान वाकडी करून बघणारा प्राणी तयार व्हायचा. त्यात कोंडापल्लीची लाकडी खेळणीही होती, बंगालची जत्राही होती, आणि तरी ते खेळणं कुणाचीच नक्कल नव्हतं. आज ज्यांची चित्रं संग्रहालयांत काचेमागे आहेत, त्यांनी तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या पोरासाठी माकड रंगवलं होतं.

हल्ली बहुतेक महाविद्यालयांत सांस्कृतिक दिन होतो. एकेका राज्याचा एकेक नाच, पाच-पाच मिनिटं, भाड्यानं आणलेला पोशाख, टाळ्या. तेही असावं, मुलांना त्यात आनंद मिळतो आणि त्या आनंदाला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण पाच मिनिटांत पाहुणा पाहुणाच राहतो. कला परक्याची आपली व्हायला तिच्याबरोबर राहावं लागतं, तिच्यासाठी गुडघे दुखावे लागतात. नवरात्रात पुष्पबागेत गरबा असतो, तेव्हा हे फार सुंदर दिसतं. मणिपूरची, केरळची मुलं पहिल्या दिवशी कडेला उभी राहून नुसती टाळी पकडतात. मग कुणीतरी हाताला धरून आत ओढतं. अष्टमीपर्यंत तीच मुलं नव्यांना पावलं दाखवत असतात.

आणि वार्षिक प्रदर्शन. वर्ष संपताना विद्यार्थी आपापलं काम मांडतात. ज्या खोल्यांत काम केलं त्याच खोल्या झाडूनपुसून प्रदर्शनाच्या होतात. टर्पेंटाइनचा वास तसाच असतो. एकदा शिल्पविभागात आसामहून आलेल्या एका मुलीनं माती आणि पेंढा वापरून माणसाएवढी पोकळ आकृती उभी केली होती. पोटाशी हात जाईल एवढं भोक. एक म्हातारे गुजराती काका, धोतर-टोपीतले, तिच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, “बेटा, आ तो कोठी छे.” मग त्यांनी तिला सांगितलं की त्यांच्या गावी बायका अशीच माती थापून धान्याची कोठी उभी करतात, तिच्यावर आरसे नि मोर बसवतात, आणि खालच्या भोकाला चिंध्यांचा बोळा लावतात, बोळा काढला की धान्य आपोआप सुपात पडतं. मुलगी वाकून ऐकत होती. तिनं वही काढली आणि काकांकडून कोठीचं चित्र काढून घेतलं. काकांचा हात थरथरत होता, तरी मोर छान जमला. तिच्या मनात आपल्या आजीचं पोट होतं, असं तिनं नंतर मला सांगितलं. काकांना मात्र तिनं ते सांगितलं नाही, कारण कोठी तिला पटली होती.

हे घडतं कारण फाटक उघडं असतं. 2007 च्या मे महिन्यात याच आवारात एका विद्यार्थ्याच्या चित्रांवरून बाहेरचे लोक घुसले, त्या मुलाला अटक झाली, त्याची बाजू घेणाऱ्या विभागप्रमुखांना निलंबित करण्यात आलं. त्याचं दुःख मला अजून आहे. परीक्षेसाठी मांडलेलं काम होतं ते. ज्या गावानं मौलाबक्षांना शाळा दिली आणि तंजावरच्या नर्तकींना घर दिलं, त्या गावाला हे शोभलं नाही, आणि हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. अशा प्रसंगानंतर फाटकावर पहारा बसवावासा वाटतो, ते समजतं. पण पहारा बसला की ते धोतर-टोपीवाले काका प्रथम परत फिरतात.

म्हणून बडोद्याला याल तेव्हा लक्ष्मीविलास राजवाडा पाहा, पण तेवढ्यावर परतू नका. प्रदर्शन लागलं असेल तर पुष्पबागेत जा, सूरसागरासमोर संध्याकाळी वर्ग चालू असेल तर बाहेर थांबून पायांचा आवाज ऐका. आणि कामाशेजारी उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारा, हे काय केलंयस, कुठून आलीस. त्यांना सांगायचं असतं.