अर्ध्या पेनीचा पूल

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये, डब्लिनला असतो. गेल्या ईदला त्याने लिफी नदीवरच्या पायपुलाचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "आपा, हा बघ नानांच्या दुश्मनाचा थोरला भाऊ!"

मी हसले खरी, पण नाना आठवले. ते आमच्या खाडीवर तर चालवीत. पूल झाला आणि तर बंद पडली.

डब्लिनचा पूल १८१६ सालचा. ओतीव लोखंडाची एकच कमान, सुमारे ४३ मीटर. नाव वेलिंग्टनचे, म्हणजे १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या वेलस्लीचे. त्याआधी तिथे होड्या चालत. त्यांचा ठेका विल्यम वॉल्शकडे होता. होड्या मोडकळीला आल्या तेव्हा त्याला सांगण्यात आले, एकतर त्या दुरुस्त कर, नाहीतर पूल बांध. त्याने पूल बांधला आणि शंभर वर्षांचा टोल मिळवला. माणशी अर्धी पेनी. म्हणून लोक त्याला 'हापेनी ब्रिज' म्हणू लागले. टोल १९१९ साली सुटला. पुलाखालून गिनेस कारखान्याची पिंपे बंदराकडे नेणाऱ्या वाफेच्या बोटी जात. कमानीखाली शिरताना त्या आपले धुराडे आडवे करीत. १९६१ साली त्याही थांबल्या.

हे सारे मी वर्गात सांगितले. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, वॉल्शला टोल मिळाला. वल्ही मारणाऱ्यांना काय मिळालं?"

मला उत्तर देता आले नाही. नानांना काही मिळाले नव्हते. उतारवयात ते मुंबईच्या गोदीत हमालीला गेले. आणि त्याच पुलावरून मी कॉलेजला गेले, बी.एड. झाले. पावसाळ्यात तर बंद असे, म्हणून अम्मीची शाळा चौथीतच सुटली होती. माझी सुटली नाही. नानांची भाकरी गेली आणि माझी सुरू झाली, ती एकाच पुलाने.

निकालाच्या दिवशी नाना माझ्याबरोबर पुलावरून चालले. मध्येच थांबून त्यांनी खाली पाहिले. "भरती लागली," एवढेच म्हणाले.

पूल हवाच होता. पण तो बांधताना तरवाल्याला कुणीतरी विचारायला हवे होते, "चाचा, आता तुमचं काय?"