ठणका थांबला म्हणून

३ डिसेंबर, इच्छापूर
रात्री उठून बसलो. डावीकडची खालची दाढ. आडवं झालं की ठणका कानापर्यंत जातो, बसलं की थोडा ओसरतो. गरम चहाने जीव कळवळतो; माठातलं पाणी त्या बाजूला धरलं की घटकाभर बरं वाटतं. हिने लवंगेच्या तेलाचा बोळा दिला. जागा बधिर झाली, तेवढंच.

५ डिसेंबर
सकाळी दुखणं एकाएकी थांबलं. आई म्हणाली, "इच्छादेवीनं ऐकलं रे बाबा." दिवसभर केळीची कापणी, संध्याकाळी ट्रक भरून गेला.

९ डिसेंबर
गाल सुजला, अंगात ताप. तोंड पुरतं उघडत नाही. शेजारचे काका म्हणाले, "काढूनच टाक ना भो." आई त्याच्या उलट: दाढ काढली की नजर जाते. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. पण या भीतीपायी आमच्याकडच्या कितीतरी बायका सडकी दाढ तोंडात घेऊन वर्षं काढतात, याचं फार वाईट वाटतं.

१० डिसेंबर, बऱ्हाणपूर
एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग. तिथलं हाड झिजलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, दुखणं थांबलं ना, तेव्हाच आतली नस मेली होती."

मग त्यांनी नीट समजावलं. दाढेच्या पोटात मऊ गर असतो, त्यातच रक्तवाहिन्या आणि नस. भोवती टणक भिंत. गराला सूज आली की फुगायला जागा नसते, म्हणून तो जीवघेणा ठणका. गर मेला की ठणका संपतो, पण जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. "नुसत्या गोळ्या घेऊन चालणार नाही का?" हिने विचारलं. नाही. गोळीचं औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या गरात रक्तच फिरत नाही. ताप-सूज पसरली तर गोळ्या लागतातच, पण आतली घाण हातानेच काढावी लागते. खालच्या दाढेचा पू जबड्याखाली, गळ्याकडे उतरला तर श्वास कोंडू शकतो, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

पू असलेल्या जागी भूल नीट चढत नाही, म्हणून सुई मागे, नस जबड्यात शिरते तिथे दिली. अर्धा ओठ जड झाला. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावला, थुंकी आत जाऊ नये आणि औषध घशात उतरू नये म्हणून. वरून छिद्र पाडताच घाण वास आला आणि गालातला ताण उतरला. माझ्या दाढेला दोन मुळं, पण नळ्या तीन. केसासारख्या बारीक फाइलींनी प्रत्येक नळी टोकापर्यंत घासायची, सोडियम हायपोक्लोराइटने धुवायची, पुन्हा घासायची. शेवटी आत औषध आणि वर तात्पुरतं सिमेंट.

१३ डिसेंबर
सूज उतरली. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

१९ डिसेंबर, बऱ्हाणपूर
नळ्या कोरड्या करून गटापर्चाच्या काड्यांनी भरल्या. मलायाकडच्या झाडांचा हा चीक. १८७० साली समुद्राखालून मुंबईला जी तार आली, तिच्यावर याच चिकाचं वेष्टण होतं. पाणी आत शिरू द्यायचं नाही, हे काम तिथेही आणि इथेही.

शेजारच्या खुर्चीवर एक बाई होत्या. पहिल्या खेपेनंतर दुखायचं थांबलं म्हणून त्या आल्याच नव्हत्या. सिमेंट निघून गेलं, दाढ उभी चिरली, आता काढण्यावाचून इलाज नाही. माझ्याहून लहान असतील. मला ते बघवलं नाही. दाढ काढणं स्वस्त पडतं हे खरं. पण रिकाम्या जागेकडे बाजूचे दात कलतात, वरची दाढ खाली उतरते. नंतरचा खर्च कुणी धरत नाही.

२ जानेवारी
टोपी बसवली. गर काढायला दाढ वरून कोरलेली असते, त्यात कीडही बराच भाग खाऊन गेलेली. नुसत्या भरणावर भाकरी चावली तर दाढ फुटू शकते. काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून हाड भरून येतंय का ते बघायचं.

संध्याकाळी नातीचं तोंड उघडून पाहिलं. सहा वर्षांची आहे, दुधाच्या दातांमागे तीच दाढ नुकतीच आलीय. सुनेला वाटत होतं हाही दुधाचाच, पडून नवा येईल. ही दाढ कोणत्याच दाताच्या जागी येत नाही, एकदाच येते आणि जन्मभराची असते. सुनेला सांगितलं, रात्री घासूनच झोपवत जा.

५ जानेवारी
रावेरहून मेहुण्याचा फोन. त्याचीही दाढ उघडून औषध घातलेलं, पुढे गेलाच नाही; "आता काही दुखत नाही" म्हणतो. त्याला म्हटलं, दुखत नाही म्हणूनच लवकर जा. गावात ज्यांनी ज्यांनी काम असं अर्ध्यावर सोडलंय, त्यांनी दाढ शाबूत आहे तोवर उरलेली खेप आणि टोपी करून घ्यावी.